वेशीवरची जकात, घरातली नोकरी

मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला, जीएसटी आला त्याच दिवशी, बंद झाली. दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्दच्या नाक्यांवर रात्री काढलेल्या ट्रकवाल्यांना तिची ओळख करून द्यायला नको. बाहेरून येणाऱ्या तयार मालावर कर आणि शहरात बनलेल्या मालावर नाही, म्हणजे कागदावर ते मुंबईतल्या कारखान्यांना दिलेलं संरक्षणच होतं. त्यानं कारखाने मुंबईत राहिले नाहीत. उभी राहिली ती भिवंडीची गोदामं. माल पालिकेच्या हद्दीबाहेर उतरवायचा आणि विकला जाईल तेवढाच नाक्यातून आत न्यायचा. भिवंडी तालुक्यातल्या भातखाचरांवर पत्र्याच्या शेडची रांग लागण्यामागे जकात हे एक मोठं कारण होतं. शिवाय जकात कच्च्या मालावरही होती, त्यामुळे शहरात राहून उत्पादन करणाऱ्यालाच ती आधी भरावी लागे.

आयात शुल्क ही देशाच्या वेशीवरची जकातच. तिच्याबद्दल बोलताना आपण दोन गोष्टी हमखास विसरतो, आणि त्या दोन्ही भिवंडीनं दाखवून दिल्या आहेत. कर लागला की व्यापारी त्याला सगळ्यात स्वस्त उत्तर शोधतो, आणि कारखाना उभारणं हे बहुतेक वेळा सगळ्यात महाग उत्तर असतं. दुसरं म्हणजे, शुल्क ‘उद्योगावर’ कधीच लागत नाही. ते शुल्कसूचीतल्या एका ओळीवर, एका आठ आकडी क्रमांकावर लागतं. त्या ओळीवरचा माल कोणाचं तयार उत्पादन असतो आणि कोणाचा कच्चा माल. पहिल्याची नोकरी वाचते तेव्हा दुसऱ्याची जाते का, हे त्या ओळीच्या खाली (तिला लागणारा कच्चा माल) आणि वर (तिच्यापासून बनणारा माल) काय आहे त्यावर ठरतं.

आधी साधा हिशेब. बंदरात १०० रुपये किमतीला पोहोचलेल्या वस्तूवर २० टक्के मूळ सीमाशुल्क असेल तर २० रुपये. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे २ रुपये. मग १२२ रुपयांवर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी, २१.९६ रुपये. यातला आयजीएसटी इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे पुढच्या करातून वळता होऊन, परत मिळतो आणि देशी मालावरही तेवढाच जीएसटी असतो, त्यामुळे तो हिशेबातून वगळायचा. देशी उत्पादकाला मिळालेली खरी आड म्हणजे २२ रुपये. पण हे २२ रुपये त्याच्या पूर्ण किमतीवर मोजायचे की त्यानं स्वतः केलेल्या कामावर? नोकऱ्यांचा प्रश्न असेल तर कामावर, कारण पगार तिथून निघतात.

मोबाइल फोनचं उदाहरण घेऊ. भारतात गेल्या दहा वर्षांत शुल्काचा एवढा नीट रचलेला प्रयोग दुसरा झालेला नाही. सुरुवात २०१५ च्या अर्थसंकल्पानं झाली. आयात फोनवर साडेबारा टक्के प्रतितुल्य शुल्क (देशी उत्पादन शुल्काच्या बरोबरीनं आयातीवर लागणारं), आणि देशात जोडलेल्या फोनवर, भागांवर भरलेल्या कराचं क्रेडिट न घेतल्यास, फक्त १ टक्का उत्पादन शुल्क. या साडेअकरा टक्क्यांच्या फटीतून नोएडात आणि इतरत्र जोडणीच्या लायनी उभ्या राहिल्या. जीएसटी आल्यावर देशी-विदेशी दोघांवर कर सारखा झाला आणि फट बुजली. म्हणून जुलै २०१७ मध्ये फोनवर १० टक्के सीमाशुल्क आलं, डिसेंबरात १५ आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये २० टक्के. त्याच सुमारास ‘टप्प्याटप्प्याने उत्पादन’ कार्यक्रम लागू झाला: आधी चार्जर, बॅटरी, हेडसेट, मग कॅमेरा मॉड्यूल आणि पीसीबीए, म्हणजे सगळे चिप व घटक बसवलेलं मदरबोर्ड, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये डिस्प्ले असेंब्लीवर १० टक्के. पायरी पायरीनं शुल्क चढवायचं म्हणजे कारखानेही पायरी पायरीनं येतील, ही कल्पना.

आता गणित, सोयीचे आकडे धरून. फोनची आंतरराष्ट्रीय किंमत १०,००० रुपये, त्यातले सुटे भाग ८,५०० चे, जोडणाऱ्याचं काम १,५०० चं. अधिभार बाजूला ठेवू. तयार फोनवर २० टक्के शुल्क आणि भागांवर शून्य असेल तर देशी फोन १२,००० पर्यंत विकता येतो. जोडणाऱ्याच्या हाती १,५०० ऐवजी ३,५०० राहतात. म्हणजे शुल्क दिसायला २० टक्के, पण जोडणीच्या कामाला मिळालेलं संरक्षण १३३ टक्के. एवढं मिळाल्यावर कोणीही स्क्रूड्रायव्हर घेऊन बसेल. बसलेच. आता भागांवर १० टक्के लावा: ८,५०० चे ९,३५० झाले, हाती २,६५० उरले, संरक्षण ७७ टक्क्यांवर आलं. देशी बाजारात हे अजून चालतं. पण तोच फोन निर्यात करायचा तर किंमत १०,००० च मिळणार, आणि भागांवरचं शुल्क परत न मिळाल्यास हाती १,५०० ऐवजी ६५० उरतात. ज्या कामाला घरात ७७ टक्के संरक्षण आहे, त्याच कामाला निर्यातीसाठी ५७ टक्के दंड. व्हिएतनाममध्ये या भागांवर बहुतेक शून्य शुल्क असतं, तेव्हा परदेशी कंपनी निर्यातीचा कारखाना कुठे काढेल हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

निर्यातदाराला शुल्क परत मिळण्याच्या वाटा आहेत, हे खरं. अ‍ॅडव्हान्स ऑथरायझेशन आहे, म्हणजे निर्यातीसाठीचे भाग शुल्काविना आणण्याची परवानगी; ड्रॉबॅक आहे, म्हणजे भरलेल्या शुल्काचा परतावा; सीमाशुल्क बंधपत्राखाली कारखाना चालवण्याची २०१९ ची योजना आहे. पण त्यासाठी कुठल्या मालाला किती कच्चा माल लागतो याचं प्रमाण मंजूर करून घ्या, बाँड किंवा बँक हमी द्या, ठरल्या मुदतीत निर्यात दाखवा, मग सुटकेचा दाखला मिळवा. ज्या कंपनीकडे यासाठी वेगळा विभाग आहे ती हे करते. जी तिला भाग पुरवते, जिथे मालक स्वतःच बँकेत जातो आणि स्वतःच डाय सेट करतो, ती करत नाही. शुल्क परतीच्या योजना मोठ्यांना वाचवतात आणि पुरवठा साखळीतल्या लहानांना नाही, आणि नोकऱ्या बहुतेक लहानांकडेच असतात.

मोबाइल क्षेत्रात पुढे काय झालं ते सरकारनं स्वतःच मान्य केल्यासारखं आहे. १ एप्रिल २०२० ला पीएलआय, म्हणजे उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना, जाहीर झाली, वाढीव विक्रीवर ४ ते ६ टक्के रोख प्रोत्साहन. जानेवारी २०२४ मध्ये अनेक भागांवरचं शुल्क १५ वरून १० टक्के केलं. त्याच वर्षी जुलैत फोन, पीसीबीए आणि चार्जरवरचं २० वरून १५ टक्के. निर्यात २०१४-१५ मधल्या सुमारे १,५०० कोटींवरून २०२४-२५ मध्ये सुमारे २ लाख कोटींवर गेली, आणि त्यातली मोठी झेप रोख प्रोत्साहन आल्यानंतरची आहे. शुल्कानं देशी बाजारातला आयात फोन हटवला, हे श्रेय त्याला द्यायलाच हवं. २०१९ च्या सुमारास ते काम झालं होतं. त्यानंतरच्या नोकऱ्या निर्यातीच्या आहेत, आणि निर्यात माल आपल्या शुल्काच्या भिंतीआड विकला जात नाही.

इथे एक गोष्ट उलट्या बाजूनं सांगावीशी वाटते. ‘नुसती जोडणी’ म्हणून या कारखान्यांची खूप टिंगल झाली. पण माणसं किती लागतात ते बघा. पीसीबीएची लाइन म्हणजे सोल्डर पेस्ट छापणारं यंत्र, तासाला हजारो घटक बसवणारं पिक-अँड-प्लेस, रिफ्लो भट्टी, कॅमेऱ्यानं तपासणारं यंत्र. एका लाइनवर मोजकी माणसं. स्क्रीन, बॅटरी, मागचं झाकण बसवणं, सॉफ्टवेअर भरणं, कॅमेरा-स्पीकर तपासणं, आयएमईआयचं, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाचं, लेबल लावून डबा बंद करणं, इथे शेकडो हात लागतात. तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरला बसमधून उतरणाऱ्या हजारो मुली या टप्प्यावर आहेत. म्हणजे भागांवर शुल्क लावून जो टप्पा आपण ओढून आणतो तो यंत्रांचा, आणि त्यासाठी जोडणीचा, म्हणजे माणसांचा टप्पा महाग करतो. तंत्रज्ञान यावं म्हणून हे केलं असेल तर वाद वेगळा घालू. रोजगारासाठी केलं असेल तर ते स्वतःच्याच हेतूच्या विरुद्ध आहे.

पोलादाचं हेच, पण जास्त टोकाचं. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रानं चपट्या पोलादावर २०० दिवसांसाठी १२ टक्के तात्पुरतं सेफगार्ड शुल्क, म्हणजे अचानक वाढलेल्या आयातीपासून बचावाचं शुल्क, लावलं. हॉट रोल्ड कॉइल टनाला ६७५ डॉलर किंवा त्याहून महाग येत असेल तर ते लागू नाही. म्हणजे व्यवहारात ते शुल्क कमी आणि किमान किंमत जास्त आहे. देशी पोलाद कारखान्याला कळून चुकतं की त्या पातळीपर्यंत भाव नेला तरी बाहेरून कोणी येत नाही.

आता भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या प्रेस शॉपच्या नजरेनं पाहू. निव्वळ १ किलोचा एक ब्रॅकेट. तो काढायला पत्रा लागतो दीड किलो, कारण ब्लँकिंगनंतरचा, म्हणजे पत्र्यातून आकार कापून घेतल्यावर उरलेला, सांगाडा भंगारात जातो. पत्रा ६० रुपये किलोनं ९० रुपये. अर्धा किलो भंगार ३५ च्या भावानं साडेसतरा रुपये परत. निव्वळ माल साडेबहात्तर. प्रेसचे स्ट्रोक, डायची देखभाल, वेल्डिंग, पावडर कोटिंग, मजुरी, भाडं मिळून २०. नफा ५. दर साडेसत्त्याण्णव. आता पत्रा नुसता ८ टक्के वाढला, ६४ रुपये ८० पैसे झाला. माल ७ रुपये २० पैशांनी महागला, भंगाराचा भाव थोडा चढला म्हणून सव्वा रुपया परत आला, तरी सहा रुपयांचा खड्डा. नफा होता पाच.

वाहन कंपनी हे भरून देते, पण ‘रॉ मटेरियल सेटलमेंट’ तिमाही झाल्यावर होते. महिन्याला लाख नग असतील तर तीन महिन्यांत १८ लाख रुपये अडकले, त्यावर बिलाचे ४५ ते ६० दिवस वेगळे. हे पैसे कॅश क्रेडिटमधून, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जातून, काढायचे. त्यात एखाद्या महिन्यात व्याज चुकलं की पहिली गदा कोणावर येते ते सांगायला नको: ठेकेदाराला फोन जातो, उद्यापासून दुसऱ्या पाळीची माणसं पाठवू नका. वार्षिक उद्योग पाहणीनुसार आपल्या संघटित कारखान्यांत दर दहातले सुमारे चार कामगार कंत्राटी आहेत. त्यामुळे ही कपात ‘नोकरी गेली’ म्हणून कुठल्याही दप्तरात ठळकपणे दिसत नाही, आणि पोलाद कारखान्याच्या फाटकावर वाचलेली नोकरी मात्र दिसते.

तराजूत घालून बघा. अमेरिकी पोलाद उद्योगाच्या हिशेबानुसार १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एक टन पोलादाला सुमारे १० मनुष्यतास लागत. २०१७ च्या सुमारास दीड. आपल्या जुन्या कारखान्यांत ते जास्त असतील, नव्या कारखान्यांत फार जास्त नसणार. तोच एक टन पत्रा वरच्या प्रेस शॉपमध्ये आला की त्यातून साडेसहाशेहून अधिक ब्रॅकेट निघतात. एका ब्रॅकेटला सगळे टप्पे धरून माणसाचं एकच मिनिट लागतं असं धरलं, आणि हे अगदी हात आखडून धरलं, तरी ११ मनुष्यतास. दीड तासाची नोकरी वाचवण्यासाठी अकरा तासांच्या नोकरीवर कर लावायचा, असा हा व्यवहार आहे. त्यात मुक्त व्यापार करारांखाली काही तयार सुटे भाग शून्य किंवा नगण्य शुल्कानं येत असतील तर गाडी पूर्ण उलटी: पत्रा महाग, पत्र्याचा भाग स्वस्त.

अमेरिकेत हे सगळं मोजून झालं आहे, आणि तिथली मोजणी आपल्या अंदाजांपेक्षा भक्कम आहे. मार्च २०१८ मध्ये ट्रम्प सरकारनं पोलादावर २५ आणि अ‍ॅल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावलं. फेडरल रिझर्व्हच्याच, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्याच, दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्या वर्षातल्या सगळ्या शुल्कांचा कारखानदारी रोजगारावरचा परिणाम तपासला. संरक्षणामुळे झालेली थोडी वाढ महागलेल्या कच्च्या मालानं आणि इतर देशांच्या प्रतिशुल्कानं खाऊन टाकली. निव्वळ परिणाम उणे. शुल्काच्या सगळ्यात उदार समर्थकालाही सोयीचं उदाहरण म्हणजे वॉशिंग मशीनचं. जानेवारी २०१८ मध्ये वर्षाला पहिल्या १२ लाख यंत्रांवर २० टक्के आणि त्यापुढच्या प्रत्येकावर ५० टक्के शुल्क लागलं. सॅमसंगनं दक्षिण कॅरोलिनात आणि एलजीनं टेनेसीत कारखाने चालू केले. म्हणजे शुल्क ‘यशस्वी’ झालं. तज्ज्ञांच्या अभ्यासात नव्या नोकऱ्या निघाल्या सुमारे १,८००. यंत्रं सुमारे १२ टक्क्यांनी महागली, आणि गंमत म्हणजे ज्यावर शुल्क नव्हतंच ते ड्रायरही तितकेच महागले, कारण तिकडे दोन्ही जोडीनं विकतात आणि दुकानदारानं वाढ दोघांत वाटून टाकली. ग्राहकांनी वर्षाला सुमारे दीड अब्ज डॉलर जास्त मोजले. दर नोकरीमागे ८ लाख डॉलरच्या वर. त्या कामगाराला घरी बसवून पगार दिला असता तरी कितीतरी स्वस्त पडलं असतं.

२००९ मध्ये ओबामा सरकारनं चिनी टायरवर ३५ टक्के शुल्क लावलं तेव्हाही असाच हिशेब निघाला, सुमारे १,२०० नोकऱ्या आणि दर नोकरीला सुमारे ९ लाख डॉलर. चीनची जागा अमेरिकी कारखान्यांनी कमी, आणि थायलंड, इंडोनेशिया, कोरिया, मेक्सिकोनं जास्त घेतली. एका देशावर लावलेल्या शुल्काचं सगळ्यात स्वस्त उत्तर म्हणजे दुसरा देश. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं तेव्हा सोलापूरच्या टॉवेलवाल्यांसमोर नेमका हा हिशेब होता. त्या वेळी पाकिस्तानावर १९, बांगलादेश आणि व्हिएतनामवर २० टक्के. अमेरिकी खरेदीदाराला सोलापूर नको झालं तर तो कराचीला फोन लावेल. कॅरोलिनातल्या बंद पडलेल्या विणकाम गिरणीचं कुलूप काढायला तो जाणार नाही.

तिसरं स्वस्त उत्तर म्हणजे व्याख्या. अमेरिकेत १९६४ पासून हलक्या ट्रकवर २५ टक्के शुल्क आहे, प्रवासी वाहनावर अनेक वर्षं अडीच टक्के होतं. फोर्ड कंपनी तुर्कस्तानातून ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन मागच्या आसनांसकट, खिडक्यांसकट आणायची; बाल्टिमोर बंदरात उतरली की आसनं काढायची, काचांच्या जागी पत्रा बसवायचा, झाला ट्रक. २०१९ मध्ये अपील न्यायालयात कंपनी हरली आणि २०२४ मध्ये ३६.५ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. ती आसनं उपटणारी माणसं ही त्या शुल्कानं अमेरिकेत निर्माण केलेली नोकरी! आपल्याकडेही पूर्ण मोटार, सुट्या भागांचा पूर्ण संच आणि निव्वळ सुटे भाग यांवर वेगवेगळे दर आहेत, आणि मधली रेषा ही कायमची वादाची जागा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात जोडणी करणाऱ्या स्कोडा-फोक्सवॅगनवर सीमाशुल्क विभागानं २०२४ मध्ये सुमारे १.४ अब्ज डॉलरची मागणी काढली. विभागाचा दावा असा की जवळजवळ पूर्ण संच वेगवेगळ्या खेपांत विभागून सुटे भाग म्हणून आणला. कंपनीला तो मान्य नाही आणि वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. निकालाचं काय व्हायचं ते होवो. दर तीन पायऱ्यांचे ठेवले की कारखान्याची रचना अभियंत्याऐवजी कर सल्लागार ठरवू लागतो, आणि वर्षानुवर्षं लटकलेली अशी मागणी पुढच्या गुंतवणूकदाराला घाबरवते ते वेगळंच.

मग शुल्क कधीच उपयोगी पडत नाही का? पडतं. महाराष्ट्रानं तर ते डोळ्यांनी पाहिलं आहे: साखर. १९३२ मध्ये साखर उद्योगाला कायद्यानं संरक्षण मिळालं. देशात आधुनिक कारखाने तेव्हा ३२ होते, पाच-सहा वर्षांत १३० च्या पुढे गेले. जावा बेटावरून येणारी साखर हटली. नगर, पुणे, सोलापूरच्या कालव्यांच्या पट्ट्यात खासगी कारखाने आले, आणि नंतरची सहकारी चळवळ त्या पायावर उभी राहिली. इथे शुल्क का चाललं? कारण काम जमिनीला खुंट्यानं बांधलेलं होतं. ऊस तोडल्यावर दिवसभरात गाळला नाही तर उतारा घसरतो. दहा टन ऊस वाहून नेण्यापेक्षा एक टन साखर नेणं सोपं. म्हणून कारखाना शेताजवळच लागतो. शुल्कानं दिलेल्या फटीचा दुसरा, स्वस्त वापर करायला जागाच नव्हती. कच्चा माल शेतातला, त्यावर आयात शुल्काचा प्रश्नच नाही. मोबाइलचा भाग विमानानं दोन दिवसांत कुठूनही कुठेही जातो. त्याला असा खुंटा नाही. वॉशिंग मशीन आकारानं मोठं, आत पोकळ, समुद्रमार्गे न्यायला महाग. त्याला अर्धा खुंटा आहे, म्हणून तिथे निदान कारखाने तरी आले.

हा विचार नवा नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात खुल्या व्यापाराचं इंग्रजी सूत्र भारताला जसंच्या तसं लागू पडत नाही, हे मांडलं होतं. पुढे १९२१ मध्ये सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय राजकोषीय आयोग (फिस्कल कमिशन) बसला आणि त्यानं संरक्षणासाठी तीन कसोट्या घातल्या. उद्योगाला कच्चा माल, वीज, मजूर, मोठी घरची बाजारपेठ असा नैसर्गिक लाभ हवा. संरक्षणावाचून तो वाढणारच नाही, किंवा पुरेशा वेगानं वाढणार नाही, असं असावं. आणि पुढेमागे संरक्षणाविना जगाच्या स्पर्धेत उभा राहील अशी शक्यता हवी. राष्ट्रवादी अर्थशास्त्रज्ञांनी तेव्हा या कसोट्या फार कडक म्हणून झोडपल्या, आणि परकं सरकार त्या हात आखडता घ्यायला वापरत होतं म्हणून ते बरोबरही होतं. आज मात्र शुल्कवाढीचा एखादा आदेश या तीन प्रश्नांची उत्तरं देत निघाला तर आश्चर्य वाटेल.

तिसरी कसोटी विसरल्यावर काय होतं ते गिरणगावानं दाखवलं. परदेशी कापडाला भारताइतकी उंच भिंत फार थोड्यांनी घातली असेल. १९३३ मध्ये बिगरब्रिटिश कापडावर ७५ टक्के शुल्क लागलं. स्वातंत्र्यानंतर तर कित्येक दशकं परदेशी कापड जवळजवळ बंदच होतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाख गिरणी कामगार रस्त्यावर आले, तेव्हा मुंबईच्या बाजारात चिनी कापड नव्हतं. जे काम गेलं ते भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांवर, जिथे बारा तासांची पाळी होती आणि भविष्य निर्वाह निधी नव्हता. गिरणी मालकांना स्पर्धेची भीती नव्हती म्हणून त्यांनी यंत्रं बदलली नाहीत. पुढे यंत्रांपेक्षा जमीन मौल्यवान झाली. शुल्कानं काम देशात राहिलं म्हणा हवं तर. पण ज्या नोकरीसाठी लोक लढले, पगारी रजेची, बोनसची, युनियनची नोकरी, तिला वेशीवरच्या जकातीनं कसलंही संरक्षण दिलं नाही. अमेरिकी पोलादाचंही असंच झालं: १९६२ ते २००५ दरम्यान तिथले सुमारे ७५ टक्के कामगार कमी झाले, तर उत्पादन जिथल्या तिथे. भंगार वितळवणाऱ्या लहान विद्युत भट्ट्यांनी मोठे कारखाने गिळले, आणि त्या भट्ट्या अमेरिकेतल्याच होत्या.

शुल्काच्या बाजूचा एक मुद्दा मात्र हसून उडवण्यासारखा नाही. आयातीचा फायदा देशभर थोडा थोडा वाटला जातो आणि तोटा एका गावावर कोसळतो. चार हजार कामगारांचा कारखाना बंद पडला की चहाची टपरी, शिकवणी, भाड्याच्या खोल्या सगळं बसतं, आणि चाळिशीतला फिटर दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन नवं काम शिकेल हे फक्त पाठ्यपुस्तकात घडतं. चीनच्या आयातीनं अमेरिकेतल्या कारखानी गावांची दशा काय झाली यावर ज्या अर्थशास्त्रज्ञांनी सगळ्यात मोठं काम केलं, त्यांनीच नंतर २०१८-१९ ची शुल्कं तपासली. संरक्षण मिळालेल्या भागांत रोजगार वाढल्याचं दिसलं नाही. शुल्क लावणाऱ्या पक्षाचा पाठिंबा मात्र वाढला. लोकांना नोकरी मिळाली नाही, पण आपल्याकडे कोणीतरी बघितलं असं वाटलं. हे राजकारण समजून घेतल्याशिवाय नुसते आकडे तोंडावर फेकून उपयोग नाही.

म्हणून शुल्क लावायचंच तर मागणी कशाची करायची, ते इंजिनिअरिंग संघटनांनी नीट ठरवावं. ज्या ओळीवर शुल्क लागेल तिच्या खालच्या कच्च्या मालावर ते शून्य किंवा निदान कमी हवं. उलटी उतरंड, म्हणजे कच्च्या मालावर जास्त आणि तयार मालावर कमी शुल्क, आधी दुरुस्त करा. पॉलिस्टरचा कच्चा माल असलेल्या पीटीएवरचं डंपिंगविरोधी शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात हटलं ते अशाच तक्रारींमुळे, आणि कापसावरचं ११ टक्के शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये काही महिने माफ झालं तेही. पण विदर्भातला कापूस बाजारात यायच्या तोंडावर माफी दिल्यानं सूतगिरणीचा भार थेट शेतकऱ्याच्या अंगावर गेला. गिरणीला मदत तिजोरीतून द्यायला हवी होती. लहान पुरवठादाराला शुल्क परतीची वाट बिलावरच हवी, दाखल्याच्या मागे धावून नको. आणि शुल्काचा उतार पहिल्या दिवशीच जाहीर हवा, खरा उतार.

खरा म्हणजे कसा? १९८३ मध्ये अमेरिकेनं हार्ले-डेव्हिडसनला वाचवायला ७०० सीसीवरच्या मोटारसायकलींवर जादा शुल्क लावलं, पाच वर्षांचा तक्ता आधीच छापून: ४५, ३५, २०, १५, १० टक्के. जपानी कंपन्यांनी अर्थात ६९९ सीसीची इंजिनं काढली, म्हणजे भिंतीला भोक तिथेही होतंच. पण दुसऱ्या वर्षाच्या ३५ वरून तिसऱ्या वर्षाच्या २० वर उतरणारी ती मोठी पायरी डोळ्यासमोर दिसत असल्यानं कंपनीनं नवं इंजिन आणलं, साठा कमी केला, आणि १९८७ मध्ये मुदतीआधीच शुल्क काढा म्हणून स्वतः सांगितलं. आपल्या पोलादावरच्या सेफगार्ड शुल्काला एक वर्षाहून जास्त ठेवायचं तर जागतिक व्यापार संघटनेच्या नियमानं टप्प्याटप्प्यानं घट दाखवावीच लागते. वाणिज्य मंत्रालयाच्या महासंचालनालयानं तीन वर्षांसाठी शिफारस केलेला तक्ता असा आहे: १२, ११.५, ११. या उतारावरून गोटीसुद्धा घरंगळणार नाही.